'पाठीशी', 'सोबत', 'सांगाती' : छटांचा फरक

प्रश्न :
एका मैत्रिणीच्या घरी बरेच दिवस आजारपण चालू आहे. तिला पत्र लिहायला घेतलं आणि 'देव तुझ्या पाठीशी राहो' या वाक्यापाशी अडले. 'राहो' म्हटलं की आत्ता तो नाही, यापुढे असावा, असं ध्वनित होतं का? 'आहे' लिहावं, तर इतक्या ठामपणे सांगणारी मी कोण? शिवाय पाठीशी, सोबत, सांगाती हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? तिची श्रद्धा आहे, पण सध्या डळमळली आहे. म्हणून शब्द जपून वापरायचेत.

प्रतिसाद :
'राहो'बद्दलची शंका काढून टाका. 'राहणे' या क्रियापदातच सातत्य आहे. 'तो बोलत राहिला' म्हणजे आधीपासून बोलत होता. त्यामुळे 'पाठीशी राहो' म्हणजे आहे तसाच पुढेही असू दे. 'आत्ता नाही' हा अर्थ निघालाच तर 'असो'मधून निघेल, आणि तोही फार कीस पाडला तर.

प्रतिसाद :
ताई, तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. देवाबद्दल बोलताना आपली रोजची क्रियापदं कोणती? देव पावला, देव धावून आला, देव कोपला, देवानं पाठ फिरवली. सगळी ये-जा करणारी! 'पावणे' हे मुळात संस्कृत 'प्राप्'वरून आलेलं, म्हणजे पोचणं. काम झालं की देव पोचला, फिसकटलं की पोचला नाही. या भाषेत देवाचा मुक्काम कायम दुसरीकडेच असतो आणि आपल्या परिस्थितीवरून त्याचा ठावठिकाणा ठरतो. सुखात तो इथे, दुःखात परगावी.

आता तुकोबांची ओळ बघा : 'जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां'. इथे 'ये' नाही, 'धाव' नाही. जाणारा मी आहे, तो बरोबरच आहे. पुढच्या चरणात 'चालविसी भार सवें माझा'. हे 'सवें' मला फार महत्त्वाचं वाटतं. ओझं उतरवून टाकलंय असं तुकोबा म्हणत नाहीत. ओझं आहेच, ते वाहताना सोबत आहे. वाट चांगली की खडतर, याचा तर तिथे उल्लेखसुद्धा नाही.

प्रतिसाद :
पटलं, पण 'धाव' आणि 'पाव'ला इतकं खाली बसवू नका. ज्याचं दुखतंय तो हाक मारणारच. तुकोबांनीही देवाशी कडकडून भांडण केलंय. आणि हाक कुणाला मारतो आपण? जो 'हाकेच्या अंतरावर' असतो त्यालाच. कुणी ऐकणारच नाही अशी खात्री असलेला माणूस गप्प बसतो.

यावरून बायबलमधलं २३वं स्तोत्र आठवलं. सुरुवातीला, हिरवी कुरणं आणि शांत पाणी असताना, देवाचा उल्लेख 'तो' असा आहे. तो मला नेतो, तो मला ताजंतवानं करतो. मृत्युच्छायेच्या दरीचा विषय निघाला की त्याच वाक्यात सर्वनाम बदलतं : भिणार नाही, कारण 'तू' माझ्याबरोबर आहेस. बरं चाललं होतं तेव्हा देवाविषयी बोलणं होतं, अंधारात देवाशी बोलणं सुरू झालं. व्याकरणाच्या दृष्टीनं एवढासाच बदल, पण मला तरी सगळं स्तोत्र त्यावर तोललेलं वाटतं.

'इम्मानुएल' या नावाचीही गंमत आहे. हिब्रूत त्याचा अर्थ 'आमच्याबरोबर देव', एवढाच. मध्ये क्रियापदच नाही. 'आहे' की 'राहो' हा तुमचा पेचच तिथे पडत नाही.

प्रतिसाद :
एक सावधगिरीची सूचना. पत्रात 'देवाच्या भरवशावर' किंवा 'देवावर हवाला' लिहू नका. मूळ अर्थ चांगले आहेत. 'हवाला' तर 'हवाली करणे'च्याच घरातला, म्हणजे जबाबदारी सोपवणं. पण वापरून वापरून दोन्हींना निष्काळजीपणाचा वास लागलाय. 'रामभरोसे कारभार'चं काय झालं ते माहीतच आहे. त्याउलट 'विश्वास' अजून शाबूत आहे. त्यात 'श्वस्' धातू आहे, श्वास घेणं. धास्ती नसल्यामुळे मोकळा श्वास घेता येणं, अशी त्याची घडण.

आणि 'बऱ्यावाईट काळात' तर मुळीच नको! घरात आजारी माणूस असताना 'बरंवाईट' हा शब्द वेगळाच वाचला जातो. 'सुखदुःखात' लिहा.

प्रतिसाद :
मूळ तीन शब्दांकडे येऊ या. 'सोबत' सगळ्यांत साधा, शेजाऱ्यालाही चालतो, त्यामुळे पत्रात तो थोडा सपक वाटेल. 'सांगाती' चालणाऱ्याचा शब्द. हात हातात असल्याचा अनुभव ज्याला आहे त्यानं स्वतःबद्दल म्हणावा. दुसऱ्याला सांगताना तो आगाऊपणा होऊ शकतो, विशेषतः ज्याला सध्या हात जाणवत नाहीये त्याला. 'पाठीशी'चं तसं नाही. पाठीशी उभा असलेला दिसत नसतोच! 'पाठीराखा' पाठ राखतो, म्हणजे जिथे आपली नजर पोचत नाही ती बाजू. देव दिसत नाही, जाणवत नाही, ही तुमच्या मैत्रिणीची अवस्था या शब्दात खोटी पडत नाही. मी असतो तर 'पाठीशी'च ठेवला असता, आणि पुढे बेधडक 'आहे'. 'राहो' व्याकरणात बरोबर आहे, पण दमलेल्या माणसाला शुभेच्छेपेक्षा विधान बरं वाटतं.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. 'देव तुझ्या पाठीशी आहे, आणि मीही' असं लिहिलं. 'मीही'ला कुणाची हरकत?

प्रतिसाद :
मुळीच नाही. खरं तर तिथूनच ते वाक्य पोचेल. फक्त पत्रात पुढे 'सानिध्य' लिहिलं असेल तर ते 'सान्निध्य' करा, दोन 'न' आहेत त्यात.