किंग एडवर्ड बटाटा कशासाठी वापरावा?

प्रश्न: इंग्लंडमध्ये मिळणारा, डोळ्यांभोवती गुलाबी छटा असलेला किंग एडवर्ड मूळचा कुठला? भाजल्यावर कुरकुरीत होत नाही, रश्श्यात तर पार विरघळतो.

प्रतिसाद १: लिंकनशायरचं जुनं वाण. 1902 मध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वर्षी बाजारात आलं. पिठूळ जात आहे, रश्श्यात फुटणारच. रश्श्याला शार्लट घ्या, ती न फुटणारी घट्ट जात आहे.

भाजायला मात्र याला तोड नाही. सोलून 4-5 सेंटिमीटरच्या फोडी करा, मीठ घातलेल्या गार पाण्यात टाका, उकळी आल्यावर 8 मिनिटं. निथळून 5 मिनिटं वाफ जाऊ द्या, मग झाकण लावून पातेलं हलवा. कडा खरबरीत, पांढऱ्या पिठासारख्या दिसल्या पाहिजेत. कुरकुरीतपणा तिथूनच येतो. तेल ओव्हनच्या ट्रेमध्ये आधीच कडकडीत तापलेलं हवं, नाहीतर फोडी ते पितात. ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 45-50 मिनिटं, मध्ये एकदा उलटा.

प्रतिसाद २: फ्रिजमध्ये ठेवू नका. गारव्याने पिष्टाची साखर होते आणि फोडी आतून कच्च्या असतानाच काळपटतात.

प्रतिसाद ३: वड्यांनाही छान, पण सालासकट अख्खे उकडा. चिरून उकडले की पाणी धरतात, सारण सैल होतं आणि वडा तेलात फुटतो. कुस्करायचं हातानेच, मिक्सरमध्ये खळ होते.