पॅकेजला एकच धनी असावा की सामायिक सातबारा?

गडगा, रत्नागिरी

शाळांच्या संगणक कक्षांत डेबियन ही मुक्त लिनक्स प्रणाली चालवणाऱ्या आपल्यापैकी तिघाचौघांनी मिळून तिच्यातलं एखादं अनाथ, म्हणजे सांभाळणारा न उरलेलं, पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा) दत्तक घ्यावं, असं बोलणं चाललंय. देवनागरी फॉन्टचं घेतलं तर निदान आपल्याला तपासता तरी येईल. माझा प्रश्न पॅकेजची माहिती सांगणाऱ्या कंट्रोल फाइलमधल्या एका ओळीपुरता आहे. 'मेंटेनर', म्हणजे सांभाळणारा, म्हणून काय लिहायचं, एका माणसाचं नाव की टीमच्या मेलिंग लिस्टचा पत्ता?

मी एका माणसाच्या बाजूनं. सामायिक मालकी म्हणजे काय, हे कोकणात समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर चाळीस नावं, निम्मे वाटेकरी मुंबईत, कलमांवर बांडगूळ चढलेलं, आणि फांदी छाटायची तर विचारायचं कोणाला हेच ठाऊक नाही. टीमच्या पॅकेजांचं असंच होतं. बगची मेल दहा जणांना जाते आणि दहाही जण समजतात, दुसरा कोणीतरी बघेल. टीम मेंटेनर असली तरी त्याच फाइलमधल्या 'अपलोडर्स' या ओळीत निदान एक खरा माणूस असावाच लागतो, पण ती नावं वर्षानुवर्षं कोणी झाडत नाही.

आणि सांभाळणं म्हणजे नवी आवृत्ती आली की चढवली, एवढंच नाही. नवी आवृत्ती आल्याचं यूस्कॅन हे साधन सांगतं, ते काम दहा मिनिटांचं. आपले जुने पॅच (मूळ कोडात आपण केलेले बदल) नव्या कोडवर बसतात का, एखाद्या फाइलचं लायसन्स बदललंय का, हे पाहायला वेळ लागतो. एक फाइल दुसऱ्या पॅकेजमधून इकडे हलवली आणि 'ब्रेक्स' व 'रिप्लेसेस' (जुन्या पॅकेजशी पटत नाही, त्याची फाइल इकडे आली, अशा नोंदी) लिहायचं राहिलं, तर आपल्या यंत्रावर सगळं ठीक दिसतं. मग दोन वर्षांनी कोणीतरी जुन्या स्टेबल, म्हणजे स्थिर, आवृत्तीवरून अपग्रेड करतो आणि ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजची आहे म्हणत पॅकेज बसवणारं डीपीकेजी मध्येच अडून बसतं. एवढा इतिहास एकाच डोक्यात राहू शकतो.

वहाळ, मालवण

बागेचं उदाहरण घेतलंत ते बरं झालं, कारण तुम्ही मागताय ती खोती आहे. खोती १९४९च्या कायद्यानं गेली. डेबियनमध्ये 'माझं पॅकेज, हात लावू नका' अजून शिल्लक आहे.

जूनचं वादळ धरा. खांब आडवे, चार दिवस लाइट नाही, टॉवरही गप्प. नेमका तेव्हाच तुमच्या पॅकेजवर रिलीज-क्रिटिकल, म्हणजे पुढची आवृत्ती अडवणारा, बग पडला. तो तसाच राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून (पुढची स्टेबल जिथं तयार होते त्या साठ्यातून) आपोआप काढायच्या यादीत जातं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजंही त्याच्या मागोमाग. धनी एकटा असेल तर बाहेरच्याला एनएमयूच (मेंटेनर नसलेल्यानं केलेलं अपलोड) करावा लागतो, त्याला थांबण्याचे दंडक आहेत. बग सात दिवसांहून जुना आणि मेंटेनरची काहीच हालचाल नसेल तर लगेच चढवता येतं. हालचाल असेल तर दोन दिवस. त्याहून हलके पण महत्त्वाचे बग असतील तर पाच, बाकी सगळ्याला दहा. टीममधल्या माणसाला यातलं काही लागत नाही.

किल्लीचं तर कोणी बोलतच नाही. अपलोडवर सही करायच्या जीपीजी किल्लीची मुदत संपली की अपलोड स्वीकारलं जात नाही. मुदत वाढवून डेबियनच्या कीरिंग (मान्य किल्ल्यांचा जुडगा) सर्व्हरला पाठवली तरी चालू कीरिंग साधारण महिन्यातून एकदाच ताजी होते, म्हणजे विसरलात तर महिनाभर हात बांधलेले. दुसऱ्या अपलोडरची किल्ली जिवंत असली तर कोणाचं काही अडत नाही.

मोठं उदाहरण हवं तर २०२४च्या सुरुवातीचं बघा. ३२ बिटी आर्म यंत्रांवर २०३८च्या पुढची तारीख मावावी म्हणून शेकडो लायब्ररी पॅकेजांच्या नावांना 'टी६४' शेपूट लागलं. ते एनएमयूंच्या सपाट्यात झालं. प्रत्येक धन्याच्या दारात परवानगीला उभे राहिले असते तर डेबियनची ट्रिक्सी ही आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये निघाली नसती.

गडगा, रत्नागिरी

एनएमयू इतका सोवळा नाही. एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं मागचं दार (छुपी घुसखोरीची वाट) आठवा. २५ मार्च २०२४ला एका अनोळखी खात्यानं ५.६.१ ही विषारी आवृत्ती एनएमयू म्हणून चढवा अशी विनंती डेबियनच्या बग यादीत टाकली होती. चार दिवसांनी भांडं फुटलं. येईल त्याला दार उघडं ठेवायचं म्हटलं की असले पाहुणे येतात.

कातळ, गुहागर

गडगा, तुम्ही आपल्या सोयीचा अर्धाच एक्सझेड सांगताय.

तिथं मूळ प्रकल्पाचा धनी एकटाच होता. तो थकलेला होता, आणि वेगवेगळ्या खात्यांनी 'काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या' असा तगादा लावून त्याला आणखी दमवलं. त्यातून तो 'दुसरा' आत आला. म्हणजे एकटा धनी हीच फट होती, वहाळ यांचा मुद्दा. पण अधिकार वाटल्यावरच घात झाला, हा गडगा यांचा. तेव्हा नावं मोजून काही हाती लागत नाही.

खरा धडा बांधणीचा आहे. ते दार उघडणारी ओळ मूळ कोडच्या गिट साठ्यात नव्हतीच, प्रकाशित टारबॉलमधल्या (त्या आवृत्तीच्या कोडच्या गठ्ठ्यातल्या) बांधणीच्या एका एम४ फाइलमध्ये होती. म्हणून टारबॉल उतरवून घेतला की आधी गिटमधल्या त्याच आवृत्तीच्या टॅगशी (खुणेशी) पडताळून बघायचा. जास्तीच्या फाइली निघाल्या तर त्या कशातून तयार झाल्या हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. शक्य असेल तिथं नवी आवृत्ती कुठं शोधायची ते सांगणारी वॉच फाइल गिट टॅगकडेच वळवायची, मग टारबॉलचा प्रश्नच नाही. आणि दूरच्या यंत्रात शिरायच्या एसएसएचला एक्सझेडच्या लायब्ररीपर्यंत नेणारा दुवा मूळ ओपनएसएसएचमध्ये नव्हता, तो डेबियनसारख्या वितरणांनी सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेसाठी घातलेल्या पॅचमुळे आला होता. तेव्हा आपले पॅचही धुतल्या तांदळाचे नसतात.

माघार घेतानाची गंमत बघा. डेबियनच्या साठ्यात आधीपेक्षा खालची आवृत्ती चढवता येत नाही, म्हणून जुनाच कोड '५.६.१+रिअली५.४.५-१' असं नाव देऊन पुढे ढकलावा लागला.

पॅचचं आणखी जुनं उदाहरण २००६चं. स्मृतीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडच्या तक्रारी बंद करायला ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीमधल्या ओळी डेबियनच्या पॅचनं काढल्या. मे २००८पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही की आता किल्ल्या बनवताना प्रोसेस आयडीशिवाय यादृच्छिक म्हणावं असं काही उरलेलंच नाही, म्हणजे एका प्रकारच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या. म्हणून प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो का केला आणि मूळ प्रकल्पाला कळवला का, एवढं तरी लिहा.

रहाट, देवगड

हे सगळं फॉन्टला कसं लावणार? पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन गप्प बसलं म्हणजे फॉन्ट बरोबर, असं नसतं. दहा हजार ओळींची चाचणी नको, चार शब्द पुरेत: सूर्य, दऱ्या, क्ष, ट्र. 'सूर्य'मध्ये रफार वर जायला हवा, 'दऱ्या'मध्ये आडवा र यायला हवा. तो आडवा र दोन रीतींनी टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ नंतर हलंत, दुसरी साध्या र नंतर हलंत आणि शून्य-रुंदीचा जोडक. दोन्ही तपासा. अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझच्या एचबी-शेप या साधनाला शब्द दिला की तो वापरलेल्या आकृत्यांची नावं छापतो. ती पॅकेजमध्ये जपून ठेवायची आणि प्रत्येक बांधणीनंतर जुळवायची. फॉन्ट मूळ फाइलींपासून बांधत असाल तर बांधणारं फॉन्टफोर्ज बदलल्यावर जोडाक्षरांचे नियम गळाले का, ते इथंच कळतं. बेंगळुरू-बर्लिनच्या मेंटेनरला 'दऱ्या' चुकलेलं डोळ्यांना दिसणारच नाही.

ही चाचणी ऑटोपीकेजीटेस्ट या डेबियनच्या आपोआप चाचणीत घातली तर दुहेरी फायदा. ती पास झाली की टेस्टिंगमध्ये जायला नेहमीचे पाच दिवस थांबावं लागत नाही. फक्त 'वरवरची' असा शिक्का तिच्यावर मारू नका, वरवरच्या चाचणीला ही सूट नाही.

वहाळ, मालवण

रहाट यांनी माझंच काम केलं. चाचणी पॅकेजमध्ये असली की इतिहास एकाच डोक्यात ठेवायची गरज उरत नाही. तेव्हा अनाथपणाच्या बगचं शीर्षक 'ओ' (अनाथ) वरून 'आयटीए' (दत्तक घेण्याचा इरादा) करायचं, मेंटेनर टीम, अपलोडर्समध्ये तीन नावं. आपल्यात अपलोडचा हक्क कोणालाच नाही, म्हणून तो मिळेपर्यंत प्रायोजक, म्हणजे आपल्या वतीनं चढवणारा, लागेल. आणि कोणी वर्षभर गायब झाला तर त्याचं नाव काढायचं, रुसवेफुगवे नकोत.

गडगा, रत्नागिरी

टारबॉल आणि चाचणीचं मान्य. तीन नावांचं नाही. एक मेंटेनर, त्यानं एनएमयूला आधीच खुली संमती नोंदवायची, म्हणजे वहाळ यांचं वादळ सुटतं. तो गप्पच बसला तर पॅकेज सोडवून घ्यायची सोय आहेच, आयटीएस (पॅकेज सोडवण्याचा इरादा) नोंदवून २१ दिवस थांबायचं आणि मग सात दिवसांच्या विलंबानं चढवायचं. जबाबदारी मात्र एकाचीच.

वहाळ, मालवण

२१ अधिक ७, महिना गेला. तोवर फॉन्ट टेस्टिंगमधून बाहेर.

रहाट, देवगड

एक की तीन, ते नंतर ठरवा. आधी एप्रिल-मेमध्ये बगला उत्तर कोण देणार ते लिहा. हापूसच्या दिवसांत इकडे माणूस फोनसुद्धा उचलत नाही.