मदत हवी आहे: ठाण्यात लँडस्केप फोटोग्राफी शिकवायची आहे

नमस्कार मंडळी. लग्नाच्या ऑर्डरी हळूहळू बंद करून आता फक्त निसर्गाचे फोटो काढायचे आणि तेच इथे, आपल्या ठाण्यात शिकवायचं ठरवलंय. लोक त्यासाठी लडाख-स्पिती गाठतात, पण दारातलं काय कमी आहे? पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावर उतरणारे ढग बघा. नाहीतर ओहोटीची खाडी. चिखल उघडा पडतो आणि त्यातल्या पाण्याच्या बारीक रेघा सकाळच्या तिरप्या उजेडात चमकतात. ट्रायपॉड अगदी खाली लावायचा आणि पोलरायझर (लेन्सवरचा, पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) बेताने फिरवायचा, नाहीतर चमकच जाते. हे शेजारी उभं राहूनच शिकवता येतं.

अडचण परवानगीची आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, ऐरोलीकडची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पाच-सहा विद्यार्थी ट्रायपॉडसकट न्यायचे तर वनविभागाकडे अर्ज कुठे आणि किती आधी करावा? अशी बॅच कुणी चालवली असेल तर फी महिन्याची घेता की प्रत्येक सकाळची?

खाडीकाठी सगळ्यांना सुरक्षित उभं राहता येईल अशी जागाही सुचवा. खारघरचा पांडवकडा धबधबा नको, पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती योग्यच आहे.