आयस्पोर्ट 'पे ड्रायव्हर'मुळे बुडाली? साफ चूक

चौथा गिअर
फॉर्म्युला वनच्या खालच्या जीपी2 या मालिकेतल्या आयस्पोर्ट टीमबद्दल दुसऱ्या एका धाग्यावर काल वाचलं, "आयस्पोर्ट पैसेवाल्या पोरांच्या नादी लागली आणि बुडाली. दर्जा असता तर टिकली असती." 'पे ड्रायव्हर' म्हणजे पैसे देऊन सीट मिळवणारा. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

2005 ला जीपी2 सुरू झाली. इंग्लंडमधल्या नॉरफकच्या या टीमने पहिल्याच हंगामात स्कॉट स्पीडला तिसऱ्या नंबरावर नेलं. पुढे फक्त रॉसबर्ग आणि कोवालाइनेन. 2007 ला ग्लॉक चॅम्पियन, टीमचं विजेतेपदही यांचंच. 2008 ला आयर्टन सेनाचा भाचा ब्रूनो सेना दुसरा. सगळ्यांकडे तीच डलारा गाडी, तेच चार लिटरचं व्ही8 इंजिन. फरक पडायचा तो सेटअप, टायर आणि पिटस्टॉपमध्ये. याला दर्जा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

या मालिकेत जिंकून टीमचं घर चालत नाही. ते ड्रायव्हर घेऊन येतो त्या पैशावर चालतं. चांगला ड्रायव्हर वर्ष-दोन वर्षांत वर जातो, की पुन्हा सीट रिकामी आणि पुन्हा शोधाशोध. 2011 ला नवी गाडी आली, ती सगळ्यांनाच घ्यावी लागली. 2013 च्या हंगामाआधी टीम बाहेर पडली.

पिटवॉल
पटलं नाही. नियम एआरटी आणि डॅम्स या टीमनाही तेच होते. त्या कशा टिकल्या? एआरटीकडे खालच्या पायरीच्या एफ3 मालिकेतही टीम होती. पोरगा तिथे तयार व्हायचा आणि वर यायचा. 2010 ला जीपी2 च्या खालची जीपी3 मालिका सुरू झाली, त्यातही एआरटी पहिल्या दिवसापासून. आयस्पोर्ट उतरलीच नाही. एकाच मालिकेवर सगळा डोलारा उभा केला की एका वाईट हिवाळ्यात खेळ खलास. ही मालकांची चूक, पद्धतीच्या नावाने खडे फोडू नका.

हॉकेनहाइम08
"सेना दुसरा" असं लिहिलंत, पण त्याच टीममधल्या भारताच्या करुण चंडोकचं नाव घ्यावंसं वाटलं नाही? हॉकेनहाइमची स्प्रिंट म्हणजे छोटी रेस त्याने जिंकली होती. आपला माणूस जिंकला की सगळ्यांची स्मरणशक्ती जाते.

चौथा गिअर
विषय टीमचा आहे हो.

हॉकेनहाइम08
टीमचाच आहे. एक गाडी सेनाची आणि दुसरी उरलेली, हे त्या वर्षी रेस बघणाऱ्याला कळत होतं.

पिटवॉल
काहीही. पुरावा आहे का? सेनाने मोनॅको आणि सिल्व्हरस्टोन जिंकलं. इस्तंबूलला तर ट्रॅकवर कुत्रा आडवा आला आणि त्याची रेस तिथेच संपली. एवढं होऊन तो दुसरा. चंडोक दहावा. आडनावामुळे गाडी पळत नाही.

हॉकेनहाइम08
दहावा आला तो स्वतःच्या चुकीने असं तुम्ही कशावरून म्हणता? गाडी किती वेळा बंद पडली ते मोजलंत का? आणि 2010 ला दोघंही फॉर्म्युला वनच्या एचआरटी टीममध्ये पोचले, त्याच शेवटच्या रांगेतल्या गाडीत. मग दुसरा-दहावा करून सेनाला मिळालं काय?

तेलकट हात
तुम्ही दोघं भांडा, मी माझं सांगतो. मी दोन वर्षं एका छोट्या कार्टिंग टीममध्ये मेकॅनिक होतो. शनिवारी रात्री एका पोराच्या वडिलांचा फोन आला, "उद्यापासून नाही." रेस रविवारी. मालक फोन ठेवून गाडीपाशी आले. सीटमध्ये त्या पोराच्या मापाचे फोमचे तुकडे चिकटवलेले होते, ते नखांनी उकरत बराच वेळ बसून राहिले. टायर उधारीवर आणलेले होते. पुढच्या महिन्यात टीम बंद, माझा पगार आजतागायत बाकी. म्हणून "दर्जा असता तर टिकली असती" हे वाक्य मला सहन होत नाही. त्या पोराने आधीची रेस जिंकली होती.

पिटवॉल
वाईट झालं, मनापासून म्हणतो. पण एका कार्टिंग टीमवरून जीपी2 चा निकाल लागत नाही.

चौथा गिअर
मग जीपी2 चंच घ्या. रेसिंग इंजिनिअरिंग या टीमने पांतानो आणि लाइमर असे दोन चॅम्पियन दिले, तीही 2017 नंतर बाहेर. आणि ज्यांच्यावर तुम्ही पे ड्रायव्हरचा शिक्का मारता ना, 2012 ची शेवटची जोडी, त्यातल्या पामरने मोनॅकोची स्प्रिंट जिंकली आणि 2014 ला डॅम्समधून चॅम्पियन झाला. एरिक्सनने 2022 ला अमेरिकेतली इंडी 500 रेस जिंकली. पैसे आणले म्हणून पोरगा कच्चा ठरत नाही.

पिटवॉल
पामरचं मान्य. एरिक्सनचंही, चला. शिक्का मी मारला नव्हता, पण "पे ड्रायव्हर" हा शब्द सरसकट वापरायला नको होता. जीपी3 च्या मुद्द्यावर मात्र तुम्ही गप्प आहात.

चौथा गिअर
गप्प नाही. जीपी3 त उतरायला हवं होतं, हे मलाही वाटतं. तरी "बुडाली" म्हणताना पुढचं बघा. तिची जागा रशियन टाइम या टीमने घेतली आणि 2013 ला पहिल्याच वर्षी टीमचं विजेतेपद मारलं. तेव्हा ती मोटोपार्क ही दुसरी टीम चालवत होती. 2014 ला ती चालवायला आले आयस्पोर्टचेच लोक. 2015 पासून ती चालवायला विर्चुओसी ही टीम, तीही नॉरफकची. आज तीच टीम इन्व्हिक्टा म्हणून उभी आहे, 2024 ला बोर्तोलेटो तिथूनच एफ2 चा, म्हणजे जीपी2 च्याच नव्या नावाच्या मालिकेचा चॅम्पियन झाला. पाटी गेली, हात तिथेच राहिले.

तेलकट हात
आमच्यातला एकही पुन्हा गॅरेजमध्ये गेला नाही. तुमच्या नॉरफकवाल्यांना जमलं, बरं वाटलं.

हॉकेनहाइम08
चंडोकची गाडी 2008 ला किती वेळा बंद पडली, ते कोणी मोजणार आहे का?