मदत हवी: विंडोज उघडेना, दुरुस्तीला सोपी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कुठली?

डिचोलीकर: विंडोज १० उघडेना. निळा पडदा, रिपेअर चालू, परत निळा पडदा. शनिवारपासून हेच. आत कला अकादमीच्या स्पर्धेसाठी लिहिलेली संहिता आहे, परवा तालीम. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारूया. दुरुस्तीला सोपी ओएस कुठली ते सांगा, तीच टाकतो.

पेंग्विनप्रेमी: लिनक्स. बिघडलंच तर पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करायचं, डिस्क जोडून घ्यायची, ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) परत बसवायचा. चहा निवायच्या आत काम.

सासष्टीकरीण: लॅपटॉप की डेस्कटॉप? पडद्यावर खाली काय लिहिलंय? बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, आहे का? असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधा, नाहीतर पेंग्विनवाल्यांच्या पेनड्राइव्हलाही फाइली दिसायच्या नाहीत.

पात्राव६७: मॅक घ्या. बटण दाबून धरलं की रिकव्हरी येते, सिस्टिम नव्याने बसते, फाइली जागच्या जागी.

पेंग्विनप्रेमी: @पात्राव६७ मोडकं विंडोज घेऊन आलेल्या माणसाला मॅक? आणि एम-वन चिपपासूनच्या मॅकचं फर्मवेअर रुसलं तर केबल लावायला दुसरा मॅक लागतो. तो काय शेजारी मागायचा, विरजणासारखा?

पात्राव६७: माझ्या शेजाऱ्याकडे आहे.

कमांडवाला: विंडोजच्या रिपेअरमध्ये कमांड मारा: बूटरेक फिक्सएमबीआर, मग फिक्सबूट, मग रीबिल्डबीसीडी. डोळे मिटून.

सासष्टीकरीण: फिक्सबूटला हमखास 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं. आधी दुखणं तरी कळू दे. डिचोलीकर, पडद्यावर काय आहे??

डिचोलीकर: जुना डेस्कटॉप. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बिटलॉकर नाही. शनिवारी चार-पाच तास वीज नव्हती. सुरू करताना एफ-वन दाबावं लागतं, घड्याळ मागे जातं, पण ते चवथीपासून मधूनमधून होतंच. त्याचा काय संबंध?

सासष्टीकरीण: अहो, तोच तर संबंध! बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. वीज गेली की बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, मूळ सेटिंगवर जातं. जुन्या बोर्डांवर साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयचा आयडीई होतो. विंडोज सुरुवातीला आधीच्याच मोडचा ड्रायव्हर उचलतं आणि स्वतःचीच डिस्क त्याला सापडत नाही. बायोसमध्ये परत एएचसीआय करा. फॉरमॅट मारू नका.

पेंग्विनप्रेमी: बघा! लिनक्स सुरू होतानाच डिस्कचा कंट्रोलर ओळखून ड्रायव्हर घेतं. मोड बदलल्याचं तुम्हाला कळलंही नसतं.

कमांडवाला: आणि सेल कोण बदलणार होतं, पेंग्विन?

म्हापशेकर: संहिता युनिकोडमध्ये आहे ना? जुन्या फॉन्टात असेल तर बदलून घ्या, तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी मराठी दिसत नाही.

पात्राव६७: तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मॅक घ्या.

डिचोलीकर: उघडलं!! आधी संहिता स्वतःला मेल केली. सेल उद्या आणतो. @म्हापशेकर ते युनिकोडचं कसं करायचं? मोबाइलवर पहिला अंक म्हणजे नुसते कंस आणि स्वल्पविराम दिसतायत.