कांदा आणि लीकच्या कुरकुरीत रिंग्ज: अनुभव धागा

तेलातून काढल्यावर दोन मिनिटं झकास आणि ताट टेबलावर येईपर्यंत सादळलेल्या! घरच्या ऑनियन रिंग्जबद्दलची ही नेहमीची तक्रार. म्हणून हा धागा. पिठात घोळलेल्या जाड रिंग्ज, नुसता पातळ तळलेला कांदा आणि लीक (कांद्याच्या कुळातली, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी), तिन्हींबद्दल लिहा. विनंती एकच: 'अंदाजाने' नको. ग्रॅम, मिलिमीटर, मिनिटं, तापमान द्या. काय बिघडतं आणि का बिघडतं तेही लिहा. पाहुणे कोण आले होते ते वगळलंत तरी चालेल. :)

*

आधी तेल, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कांद्यात वजनाच्या सुमारे ८९ टक्के पाणी असतं. ते वाफ होऊन बाहेर पडताना जे दिसतात ते बुडबुडे. वाफ जोरात बाहेर येते आहे तोवर तेलाला आत शिरायला वाट नसते. तेल थंड असलं की पीठ पटकन धरत नाही, रिंग जास्त वेळ तेलात राहते आणि तेलकट होते.

पिठातल्या रिंग्जसाठी १८० ते १८५ अंश सेल्सिअस. थर्मामीटरचं टोक कढईच्या बुडाला टेकवू नका, आकडा चुकतो. थर्मामीटर नसेल तर पावाचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा टाका. साधारण मिनिटभरात बदामी झाला तर तेल तयार. पंधरा-वीस सेकंदांतच काळवंडला तर आच कमी करून थांबा.

लिटरभर तेलात एका घाण्याला ५-६ रिंग्ज, जास्त नाहीत. थंड पीठ पडलं की तेल वीसेक अंशांनी सहज उतरतं. पुढचा घाणा टाकण्याआधी ते पुन्हा १८० ला येऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यापासून रिंग्ज तेलकट व्हायला लागल्या तर कारण बहुतेक हेच, पीठ नाही.

आणि कढई अर्ध्याच्या वर भरू नका. ओला कांदा पडल्यावर तेल किती फुगून वर येतं ते बघितलं की कारण कळतं. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद आणि वर घट्ट झाकण. पाणी अजिबात नाही.

*

पिठाचं माप देते. मोठे कांदे २ (सोलून ४०० ग्रॅम), ८ ते १० मिमी जाडीच्या चकत्या. बाहेरच्या मोठ्या रिंग्ज घ्यायच्या, गाभ्यातल्या बोटभर रिंग्ज दुसऱ्या कशात तरी वापरा. त्या तळण्यात वेळ जातो आणि हाताला सगळं पीठच लागतं.

घोळासाठी १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, पाऊण छोटा चमचा मीठ आणि फ्रिजमधला गार सोडा वॉटर १७० ते १८० मिली. शिवाय घोळवायला ५० ग्रॅम कोरडा मैदा वेगळा.

सोडा वॉटर पिठात ओतायचं ते कढईतलं तेल तापल्यावरच. बुडबुडे घोळात राहिले तरच वेष्टन हलकं होतं. दहा-बारा वेळा काट्याने फिरवलं की पुरे, थोड्या गुठळ्या राहू द्या. जास्त फेटलं की मैद्यातलं ग्लूटेन चिवट होतं आणि वेष्टन गार झाल्यावर चामड्यासारखं लागतं. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लूटेन नसतं, म्हणून ते तिसरा हिस्सा घालायचं. निम्म्याच्या वर गेलं तर मात्र वेष्टन ठिसूळ होऊन उचलताना फुटतं.

रिंग बुडवून वर धरली की घोळ सलग पडद्यासारखा ओघळून तीन-चार सेकंदांत थेंबांवर यायला हवा. थेंब येतच नसतील तर घोळ घट्ट आहे, आतून कच्चा राहील. कांदा मधूनमधून उघडा दिसला तर पातळ आहे, चमचाभर मैदा घाला.

एका बाजूने दीड मिनिट, उलटून तेवढंच.

*

वेष्टन सुटून येतं त्याबद्दल. कांद्याच्या प्रत्येक रिंगच्या आतल्या बाजूला एक पारदर्शक पापुद्रा असतो. तो गुळगुळीत आणि ओलसर असल्याने त्याच्यावर पीठ बसत नाही, आणि तळताना त्याच्यामागे वाफ साठून सगळं वेष्टन फुग्यासारखं उचललं जातं. तो काढायचाच. रिंगची आतली कड नखाने थोडी खरवडली की टोक सुटतं, मग सावकाश ओढत गेलं की ओल्या प्लॅस्टिकसारखा अख्खा निघतो. चकत्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवल्या तर आणखी सहज निघतो आणि कांद्याचा उग्रपणाही उतरतो. नंतर कपड्यावर पसरून दोन्ही बाजू टिपून घ्या.

त्यानंतर कोरडा मैदा, जादाचा झटकून टाकायचा, मग घोळ. हा मधला कोरडा थर टाळणाऱ्यांच्या रिंग्ज बोडक्या होतात.

*

आणि घास घेतला की आतला कांदा अख्खा सुरळीसारखा बाहेर येतो, पोकळ वेष्टन हातात राहतं, त्याला उपाय? आहे. कापलेल्या, पापुद्रा काढलेल्या रिंग्ज फ्रीझरमध्ये तासभर ठेवून घट्ट गोठवा, मग बाहेर काढून पूर्ण सुटू द्या. गोठताना पेशींच्या भिंती फुटतात, कांदा मऊ पडतो आणि दाताने स्वच्छ तुटतो. दिसायला मरगळलेला दिसतो, तळल्यावर कळत नाही. पाणी मात्र भरपूर सुटतं, त्यामुळे टिपायला दुप्पट कपडा लागेल. बर्फाचं पाणी आणि फ्रीझर दोन्ही करायची गरज नाही, एक निवडा. माझं मत फ्रीझरला.

*

लीकबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून सविस्तर.

लीक म्हणजे हिरवा कांदा समजून तळायला घेतलं की फसगत होते. पहिली गोष्ट माती. जमिनीत वाढताना दांड्याभोवती माती चढवतात, त्यामुळे पांढरा भाग लांब आणि कोवळा राहतो, पण पानांच्या थरांमध्ये बारीक रेती जाऊन बसते. वरून धुऊन ती जात नाही. आधी कापा, रिंग्ज बोटांनी सुट्या करा, मग मोठ्या पातेल्यातल्या गार पाण्यात टाकून हाताने खळबळा आणि पाच मिनिटं सोडून द्या. रेती तळाशी बसते, लीक तरंगतं. ते वरून हाताने उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाची रेती परत लीकवरच. दुसऱ्या पाण्यात तळ स्वच्छ दिसेपर्यंत हेच करायचं.

घ्यायचा तो पांढरा आणि फिकट हिरवा भाग. गडद हिरवी पानं दोरखंडासारखी चिवट राहतात, ती सुपाच्या पाण्यात उकळायला ठेवा.

दुसरी गोष्ट वाळवणं, आणि इथे घाई केलेली चालतच नाही. लीकच्या कड्यांच्या आत थेंब अडकून राहतात. सॅलड स्पिनर असेल तर दोनदा फिरवा. नसेल तर जाड कपड्यात गुंडाळून हलक्या हाताने दाबा आणि दुसऱ्या कोरड्या कपड्यावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. कागदाचा टिश्यू दाबल्यावर कोरडा निघाला की झालं.

रिंग्जची जाडी ५ मिमी. २ मध्यम लीकना २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पुरतं. चाळणीत घालून हलवा म्हणजे जादाचं गळून पडेल. लीकला घोळ लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पात इतकी नाजूक की घोळात तिची चव हरवते, उरतं ते फक्त पीठ.

तेल १५० ते १६०. याहून गरम तेलात बाहेरची पात तपकिरी होते आणि आतली लिबलिबीत राहते. मूठभर टाका, काट्याने सुट्या करा, दोन ते तीन मिनिटं. रंगाकडे नीट बघा: कडा फिकट सोनेरी आणि मध्यावर हिरवट झाक शिल्लक असतानाच काढा. कांदा तपकिरी झाला तर गोड लागतो, लीक तपकिरी झालं की कडू. आणि हा बदल पंधरा-वीस सेकंदांत होतो, म्हणून झारा हातातच हवा.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. रिंग्जऐवजी लीकच्या ७-८ सेंटिमीटर लांबीच्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या पट्ट्या केल्या तर एकसारख्या तळल्या जातात. सूप किंवा सॅलडवर घालायला त्याच बऱ्या. वेळ दीड-दोन मिनिटांवर येतो.

*

नुसता पातळ कांदा, बिनपिठाचा. इथे वरचे सगळे नियम उलटे: तेल थंड असतानाच कांदा घालायचा.

अर्धा किलो कांदा, २ मिमी जाडीचा, स्लायसरवर. हातरक्षक लावूनच, शेवटचा तुकडा सोडून द्या, बोटापेक्षा कांदा स्वस्त. जाडी एकसारखी असणं हेच इथे सर्वस्व आहे. १ मिमीची पात करपते तेव्हा ३ मिमीची अजून मऊ असते, आणि तीच बरणीत सगळ्यांना सादळवते.

कांदा बोटांनी मोकळा करून कढईत घाला, वर जेमतेम बुडेल एवढं तेल, साधारण अर्धा लिटर. आच मध्यम. हळूहळू तापत गेल्याने पाणी आधी निघून जातं आणि रंग नंतर चढतो. तापलेल्या तेलात टाकला तर उलटं होतं, रंग येतो पण आत ओल राहते.

पहिली दहा-बारा मिनिटं नुसता फेस, कांदा पांढरा आणि लुळा, काहीच घडत नाही असं वाटतं. मोठी आच करायचा मोह इथेच होतो. करू नका. मग फेस ओसरायला लागतो, बुडबुडे बारीक होतात, आवाज खळखळीवरून चरचरीवर येतो. पाणी संपत आल्याची ही खूण. आता आच बारीक आणि झारा सतत फिरता. कडेचा कांदा आधी रंगतो, तो मध्ये ओढत राहा.

पूर्ण रंग यायची वाट बघितलीत तर गेलं. कांदा बाहेर काढल्यावरही स्वतःच्या उष्णतेने मिनिट-दोन मिनिटं रंगत राहतो. हव्या त्या रंगापेक्षा एक छटा फिकट असताना काढा. फिकट गव्हाळ काढलात तर ताटात सोनेरी होईल, सोनेरी काढलात तर तपकिरी आणि कडवट. बारीक जाळीची गाळणी पातेल्यावर आधीच तयार ठेवून सगळा कांदा एकदम त्यात ओता. झाऱ्याने तीन खेपांत काढताना शेवटची खेप हमखास करपते. लगेच दोन काट्यांनी पसरा, ढीग नको.

एकूण वेळ २० ते २५ मिनिटं. अर्ध्या किलोचा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास होतो. कांदा कमी पडला म्हणून घाबरू नका, तेवढंच निघतं. आणि कांदा जुना, सालं कोरडी वाजणारी घ्या. नव्या, ओल्या कांद्यात पाणी जास्त, वेळही जास्त.

*

मीठ: घोळात घातलं तर चालतं, कापलेल्या कांद्यावर आधी भुरभुरवून ठेवू नका, पाणी सुटून मैद्याचा चिखल होतो. तळल्यावर घालायचं तर तेलातून निघाल्या निघाल्या, मीठ बारीक हवं. निवलेल्या रिंगवरून ते घरंगळून जातं.

बेकिंग पावडर संपली म्हणून तेवढाच खाण्याचा सोडा घालू नका. रंग पटकन गडद होतो आणि चव साबणासारखी.

*

दोनदा तळून बघा. पहिल्यांदा १६५ ला दोन मिनिटं, फक्त पीठ धरेपर्यंत, रंग नको. जाळीवर दहा मिनिटं. त्या वेळात आतली ओल बाहेरच्या वेष्टनात येते. मग १९० ला पाऊण ते एक मिनिट, ती ओलही उडून जाते. सगळा पहिला हात आधी उरकून ठेवता येतो, वाढायच्या वेळी फक्त दुसरा.

तळलेलं टिश्यूवर रचणं मात्र बंद करा. खालच्या बाजूची वाफ कागदात अडकते आणि परत रिंगमध्येच जाते. वाफेवर ठेवल्यासारखंच ते. झाऱ्यावर कढईवरच पाच-दहा सेकंद निथळू द्या, कारण बरंचसं तेल रिंग निवताना आत ओढलं जातं. मग जाळीच्या स्टँडवर, एकमेकींना न टेकता.

*

एअर फ्रायरवाल्यांसाठी: पातळ घोळ चालत नाही, धरायच्या आधीच जाळीतून ओघळतो. मैदा, फेटलेलं अंडं, मग ब्रेडक्रम्स, असा क्रम. ब्रेडक्रम्स कोरडेच टाकले तर पांढरे आणि खरखरीत राहतात. १०० ग्रॅमला २ छोटे चमचे तेल आधी चोळून घ्या. २०० अंशांवर ८ ते १० मिनिटं, मध्ये एकदा उलटून, एकच थर. लीक यात करू नका, पंख्याच्या वाऱ्याने पात उडून वरच्या तारेला चिकटते आणि तिथेच जळते.

*

साठवण. पिठातल्या रिंग्ज साठवायच्या भानगडीत पडू नका. नुसता कांदा पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत. कोमट असताना झाकण लावलं तर काचेवर वाफ धरते आणि सकाळी सगळा गोळा. कोरड्या चमच्याने काढलात तर आठवडाभर कुरकुरीत राहतो, फ्रीझरमध्ये महिनाभर. सादळलाच तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर ताटात पसरून ३-४ मिनिटं, मग बाहेर निवू द्या. गरम असताना मऊच लागेल, निवल्यावर कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये वेष्टनाच्या रिंग्ज तापवू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन वेष्टन ओलं होतं.

उरलेलं तेल गाळून ठेवा. बिनपिठाच्या कांद्याचं असेल तर त्याला कांद्याचा छान वास असतो, फोडणीला आठवडाभरात संपवा. पिठाच्या घाण्यांचं तेल कपड्यातून गाळावं लागतं, कारण तळाशी बसलेलं पीठ पुढच्या वेळी आधी करपतं. तेल काळपट झालं, फेस धरू लागलं किंवा तापण्याआधीच धूर देऊ लागलं तर टाकून द्या. सिंकमध्ये नाही, गार करून बाटलीत भरून कचऱ्यात.