झिरो पॅसेज: सोय की बिल्डरची चतुराई?

घोडबंदरकर:
ठाण्यात टू बीएचके शोधतोय, माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत कुठेही चालेल. जावं तिथे सेल्सची पोरं एकच गोष्ट छाती फुगवून सांगतात, "सर, आपल्याकडे वेस्टेज नाही, झिरो पॅसेज लेआउट." प्रत्यक्षात काय असतं? मुख्य दार उघडलं की हॉल. किचन हॉललाच लागून, मध्ये भिंत नाही. दोन्ही बेडरूमची आणि कॉमन बाथरूमची दारंही हॉलमध्येच. म्हणजे सोफ्यावर व्याही बसलेत आणि त्यांच्यासमोरून टॉवेल गुंडाळून बेडरूम गाठायची. शिवाय एवढी दारं एकाच खोलीत उघडली की फर्निचर टेकवायला सलग भिंत उरते कुठे? जाहिरातीच्या फोटोत हे कळत नाही, कारण फोटोवाला कोपऱ्यात उभा राहून दारं सोडून बाकी सगळं वाइड अँगलनं दाखवतो.

माझं मत सरळ आहे. छोटा का होईना, पॅसेज हवा, आणि किचनला दार हवं. हे दोन्ही नसेल तर तुमचा स्विमिंग पूल आणि जॉगिंग ट्रॅक तुम्हालाच लखलाभ. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त भांडावं.

कार्पेटवाला:
मला नाही पटत. हिशेब करा. तीन फूट रुंद, बारा फूट लांब पॅसेज म्हणजे ३६ चौरस फूट. दर १५,००० धरला तर ५ लाख ४० हजार. त्यावर मुद्रांक शुल्क, कर्ज काढलं असेल तर वर्षानुवर्षं व्याज. कशासाठी? चालण्यासाठी. तीन फुटांच्या बोळात कपाट ठेवलं तर माणूस अडतो आणि माणूस चालवायचा तर कपाट जातं. तीच जागा बेडरूमला द्या. १० बाय १० च्या खोलीत साडेसहा फुटी पलंग आणि पायथ्याशी दोन फुटांचं कपाट ठेवलं की मध्ये दीड फूट उरतो, कपाटाचं दार धड उघडत नाही. हा त्रास रोज सकाळी आहे. व्याही वर्षातून किती वेळा येतात?

नौपाड्याची सून:
पॅसेजचं तुम्ही दोघं बघा, मी किचनच्या दारावर बोलते. आमच्या जुन्या इमारतीत किचन सगळ्यात मागे, दार असलेलं, अगदी घोडबंदरकरांना हवं तसं. गौरी-गणपतीत हॉलमध्ये गप्पा आणि हशा चाललेला असतो आणि मी आत मोदक वळत, "काय झालं, काय झालं" म्हणून ओरडून विचारत असते. इमारत आता पुनर्विकासाला जातेय. नव्या नकाशात ओपन किचन आहे आणि मी त्याच्याच बाजूनं आहे. सासूबाई नाराज आहेत, खरकटी भांडी पाहुण्यांना दिसतील म्हणून. दिसू देत की. दिसली तर कोणीतरी उठून घासेल तरी.

कळव्याचा खवय्या:
ताई, ओपन किचनमध्ये सुके बोंबील भाजलेत का कधी? आम्ही भाजले, चिमणी आणि एक्झॉस्ट दोन्ही लावून. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या उशीला वास, पडद्यांना वास, ऑफिसच्या शर्टालाही वास. हे प्रकरण सॅलड खाणाऱ्यांसाठी आहे. किचनला दार हवंच. आणि मोदक वळायला भाऊजींना आत बोलवा.

नौपाड्याची सून:
बोलावते हो, पण मावायला नको का? सात फूट रुंदीचं किचन. एका बाजूला दोन फुटांचा ओटा, समोर अडीच फुटांचा फ्रिज, मध्ये उरले अडीच फूट. मी खालचा कुकर काढायला वाकले की तेही बंद. पूर्वी किचन एकट्या बाईसाठीच आखत असावेत. बोंबलांचं मात्र मान्य. ते आम्ही गॅलरीत भाजतो, शेजारी बोलतात.

नकाशेवाला:
माझं कामच नकाशे काढायचं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. वरचं सगळं भांडण "आवडलं नाही तर नंतर भिंत पाडू" असं गृहीत धरून कोणी वाचत असेल तर थांबा. बऱ्याच जुन्या इमारतींत भार कॉलम-बीमवर असतो, मधल्या भिंती विटांच्या असतात. सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी काढून त्यातली एखादी हलवता येते. नवे बरेच टॉवर मायवान पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. तिथे भिंतच भार पेलते, तिला हात लावायचा नाही. साधा स्विचबोर्ड सरकवायचा तरी इलेक्ट्रिशियन कपाळाला हात लावतो. पहिल्या दिवशी जो लेआउट मिळाला, तोच शेवटपर्यंत. त्यामुळे डोंगराचा व्ह्यू आणि क्लबहाऊस यांच्याआधी नकाशा बघा, आणि त्यावर आपला पलंग, कपाट, फ्रिज पेन्सिलीनं मापात काढा.

आता कार्पेटचं, म्हणजे घराच्या आत वापरायला मिळणाऱ्या जागेचं. २०१६ च्या रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. पॅसेजही धरला जातो, तेवढं कार्पेटवाल्यांचं बरोबर. एजंट मात्र बाल्कनी मिळवून मोठा आकडा सांगतात. करारनाम्यात कार्पेट किती लिहिणार ते वेगळं विचारा. नोंदणी झालेल्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा महारेराच्या साइटवर सापडतो. सॅम्पल फ्लॅटला भुलू नका. तिथे बरेचदा आतली दारंच बसवलेली नसतात, पलंग आखूड असतो आणि कपाटाला आरसे. सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरले आणि तो दिशाभूल करणारा निघून नुकसान झालं, तर याच कायद्याच्या कलम १२ मध्ये भरपाईची तरतूद आहे. पण त्यापेक्षा खिशात टेप ठेवणं स्वस्त.

आणि पॅसेज? बारा फुटी बोळ हे आळशी काम आहे. चांगल्या नकाशात ४ बाय ४ चा चौक असतो, दोन्ही बेडरूम आणि बाथरूम त्याच्यात उघडतात. १६ चौरस फुटांत काम होतं.

कार्पेटवाला:
माझ्याच दरानं २ लाख ४० हजार. आणि त्या चौकाला खिडकी नसणार, दिवसा दिवा लावायचा. तडजोड म्हणून ठीक आहे. पण "हवाच" म्हणू नका.

रात्रपाळी:
मी हॉस्पिटलमध्ये आहे, ड्यूटी बरेचदा रात्रीची. सकाळी घरी येऊन झोपते तेव्हा घर जागं असतं. सध्या कोलशेतला भाड्यानं राहतो तो फ्लॅट असाच झिरो पॅसेज. बेडरूमच्या दाराबाहेर लगेच टीव्ही, त्याच्या पुढे चार पावलांवर मिक्सर. बाईंनी भांडी घासायला घेतली की मी उठून बसते. मुलाचा ऑनलाइन क्लास असला की नवरा हॉलमध्ये कुजबुजत फोनवर बोलतो. हॉल, किचन, ऑफिस, शाळा सगळं एका खोलीत आणि झोपायची दारं त्याच खोलीत. कार्पेटवाले, तुम्ही पॅसेजला चालायची जागा म्हणता. मला त्यातून झोप विकत घ्यायची आहे. पाच लाख चाळीस हजारांना महाग नाही वाटत.

कार्पेटवाला:
हा मुद्दा तगडा आहे. तरी मी म्हणेन की दार चांगलं बसवा. बिल्डर आतून पोकळ फ्लश डोअर देतात, त्यातून आवाज येणारच. भरीव दार आणि खाली रबरी पट्टी, काही हजारांत काम. पॅसेज बांधायची गरज नाही.

रात्रपाळी:
भाड्याच्या घरात दार बदलून देता का?

बेलापूरकर:
जरा विषयांतर. बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभी केली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्यानं आपलं घर वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलं की मूळ घरं आता शोधावी लागतात. तुम्ही लोक पॅसेजच्या फुटांवर भांडताय आणि टॉवरमधली भिंत हलतच नाही, हे वाचून ते आठवलं.

कळव्याचा खवय्या:
काका, आज ठाण्यात अंगणाचा दर काढा म्हणजे कार्पेटवाले बेशुद्ध पडतील.

घोडबंदरकर:
रविवारी वसंत विहारमध्ये एक रिसेल बघायला चाललोय. जुनी इमारत, पॅसेज आहे, किचनला दार आहे, म्हणजे माझ्या मनासारखं. पण हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला. बायकोला तो घोडबंदरचा नवा टॉवरच आवडलाय, ओपन किचनसकट. वसंत विहारच्या घरात काय काय बघू?

नकाशेवाला:
दुपारी चारला जा, सकाळी नको. पश्चिमेचं ऊन तेव्हाच कळतं. जुलैतला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून खिडकीखालची आणि कोपऱ्यातली भिंत हातानं चाचपा. फुगवटे दिसले, किंवा ताजा रंग नेमका तेवढ्याच भागाला असला, तर ओल आहे. ड्राय बाल्कनीच्या दाराची चौकट मोजा. वॉशिंग मशिन दोन फुटांचं असतं, जुनी दारं कधी कधी त्याहून अरुंद निघतात.

रात्रपाळी:
मालकांना मिक्सर लावायला सांगा आणि तुम्ही बेडरूमचं दार लावून आत उभे राहा. वहिनींनाही उभं करा.

नौपाड्याची सून:
वहिनींना किचनमध्ये उभं करा आणि तुम्ही त्यांच्या मागून फ्रिज उघडा. मग ठरवा.

कार्पेटवाला:
आणि भाव करताना पॅसेजची जागा वेगळी मोजून तेवढी रक्कम कमी करायला सांगा. जुन्या घराचे मालक ऐकतात कधी कधी. तो पुरावा म्हणून माझा हिशेब दाखवला तरी चालेल.